रेल्सची मायग्रेशन्स : हिशेब चोख, पहारा ढिला

रूबी ऑन रेल्स या वेब-ॲप्लिकेशन बनवण्याच्या फ्रेमवर्कमध्ये डेव्हलपमेंट, टेस्ट आणि प्रॉडक्शन (प्रत्यक्ष वापरातले) ही तीन एन्व्हायर्नमेंट्स, म्हणजे ॲप्लिकेशन चालवण्याच्या स्वतंत्र जागा, तयारच मिळतात आणि लहान प्रकल्पाचे तेवढ्यावर भागतेही. ग्राहकाला आधी दाखवण्यासाठी स्टेजिंग, चाचणीसाठी क्यूए, प्रात्यक्षिकासाठी डेमो अशी भर पडत गेली, की डेटाबेसमधला प्रत्येक बदल त्या सगळ्या ठिकाणी बिनचूक पोचवणे हे एक स्वतंत्र काम होऊन बसते. रेल्सची मायग्रेशनची, म्हणजे डेटाबेसच्या रचनेतले बदल फाइलमध्ये लिहून क्रमाने लागू करण्याची, सोय या कामाला कितपत पुरी पडते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

नवे एन्व्हायर्नमेंट उभे करण्यात विशेष कष्ट नाहीत. डेटाबेस डॉट वायएमएल या फाइलमध्ये स्टेजिंगची नोंद करायची, कॉन्फिगमधल्या एन्व्हायर्नमेंट्स फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल ठेवायची आणि ‘रेल्स_एन्व्ह=स्टेजिंग रेल्स डीबी:मायग्रेट’ ही कमांड द्यायची. नावात चूक झाली, तर त्या नावाचा डेटाबेस कॉन्फिगर केलेला नाही असे सांगून कमांड तिथेच थांबते. मात्र कनेक्शनचा पत्ता ‘डेटाबेस_यूआरएल’ या व्हेरिएबलमधून येत असेल, तर ही चूक पकडली जात नाही, कारण फाइलमध्ये नोंद नसली तरी रेल्स तो पत्ता चालू एन्व्हायर्नमेंटचाच मानते.

हिशेबाच्या बाबतीत नाव ठेवायला जागा नाही. प्रत्येक डेटाबेसमध्ये ‘स्कीमा_मायग्रेशन्स’ नावाचे टेबल असते आणि चाललेल्या प्रत्येक मायग्रेशनचा क्रमांक त्यात जातो. २००८ मधल्या २.१ आवृत्तीपासून हा क्रमांक वेळेवरून ठरतो, त्यामुळे दोघांनी एकाच दिवशी लिहिलेली मायग्रेशन्स सहसा एकमेकांच्या आड येत नाहीत. क्यूएवर कोणाच्या तरी ब्रँचमधले (कोडच्या वेगळ्या प्रतीतले) मायग्रेशन चालवले गेले आणि ती ब्रँच पुढे रद्द झाली, हा प्रकार सर्रास घडतो. अशा वेळी ‘डीबी:मायग्रेट:स्टेटस’ त्या ओळीपुढे ‘अप’ दाखवते आणि नावाच्या जागी तारकांच्या रांगेत ‘नो फाइल’ असे छापते. त्या एका ओळीवरून डेटाबेसमध्ये उरलेला अनाथ कॉलम शोधता येतो.

पहाऱ्याची गोष्ट वेगळी. २०१६ च्या ५.० आवृत्तीपासून डेटाबेसमध्ये ‘एआर_इंटर्नल_मेटाडेटा’ हे आणखी एक टेबल असते आणि हा डेटाबेस कोणत्या एन्व्हायर्नमेंटचा, याची नोंद त्यात राहते. तिथे ‘प्रॉडक्शन’ लिहिलेले असेल, तर ‘डीबी:ड्रॉप’सारखी विध्वंसक कमांड नाकारली जाते, नोंद आणि चालू एन्व्हायर्नमेंट जुळले नाही, तरीही नाकारली जाते. संरक्षित नावांच्या यादीत मुळात मात्र एकटे प्रॉडक्शनच असते. स्टेजिंगवर महिनोन्‌महिने जमवलेला चाचणीचा डेटा असेल, तर ‘प्रोटेक्टेड_एन्व्हायर्नमेंट्स’मध्ये ते नाव आपणच घालायचे, आणि हे काम पहिल्या दिवशी करावे असे मी आग्रहाने म्हणेन.

याहून गंभीर दोष असा, की ‘डीबी:मायग्रेट’ या कमांडला ही तपासणी लागूच नाही. उलट तीच कमांड चालू एन्व्हायर्नमेंटचे नाव त्या टेबलात लिहून टाकते. म्हणजे शेलमध्ये (कमांड देण्याच्या खिडकीत) ‘डेटाबेस_यूआरएल’ प्रॉडक्शनची राहिली आणि रेल्सचे एन्व्हायर्नमेंट ठरवलेलेच नसल्याने ते डेव्हलपमेंट धरले गेले, तर मायग्रेशन्स निमूट चालतात, प्रॉडक्शनच्या डेटाबेसवर ‘डेव्हलपमेंट’ अशी चिठ्ठी चिकटते आणि त्यानंतर त्याच शेलमधून दिलेल्या ‘डीबी:ड्रॉप’ला अडवायला कोणी उरत नाही. पहारेकऱ्याने पाहुण्याच्या सांगण्यावरून दारावरची पाटी बदलावी, तसा हा कारभार आहे. चिठ्ठी दुरुस्त करायला ‘डीबी:एन्व्हायर्नमेंट:सेट’ आहे, पण ती चुकली आहे हे आधी कोणाच्या तरी लक्षात यायला हवे.

लाराव्हेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कमध्ये प्रॉडक्शनवर मायग्रेशन चालवण्यापूर्वी निदान खात्री करून घेतली जाते आणि ‘प्रिटेंड’ हा पर्याय दिला, तर कोणते एसक्यूएल (डेटाबेसला दिलेल्या आज्ञा) चालणार ते नुसते दाखवले जाते. पायथनच्या जँगो फ्रेमवर्कमध्येही ‘एसक्यूएलमायग्रेट’ तेच दाखवते. रेल्समध्ये अशी रंगीत तालीम मुळात नाही, आणि इतक्या वर्षांत ती का आली नसावी याचे मला नवल वाटते.

नव्या एन्व्हायर्नमेंटची फाइल कशावरून तयार केली, यालाही महत्त्व आहे. रेल्सने बनवलेल्या प्रॉडक्शनच्या फाइलमध्ये मायग्रेशननंतर स्कीमाची (डेटाबेसच्या रचनेची) फाइल पुन्हा लिहू नये, अशी सूचना असते. स्टेजिंगची फाइल कोरी सुरू केली, तर ही सूचना राहून जाते आणि सर्व्हरवर प्रत्येक वेळी स्कीमाची फाइल नव्याने लिहिली जाते. ज्या सर्व्हरवर कोडचे फोल्डर फक्त वाचण्यापुरते खुले असते, तिथे बदल लागू होऊनही कमांड अपयशी ठरते. म्हणून प्रॉडक्शनच्याच फाइलची प्रत घ्यावी.

डेटाबेसचे इंजिनही सगळीकडे एकच असावे. पोस्टग्रेसमध्ये मायग्रेशन ट्रान्झॅक्शनमध्ये चालते आणि अर्ध्यात फसले तर सगळे मागे घेतले जाते. मायएसक्यूएलमध्ये टेबलाच्या रचनेतला बदल लगेच पक्का होतो, त्यामुळे निम्मे बदल तसेच राहतात. पोस्टग्रेसमध्येसुद्धा ‘कन्करंटली’, म्हणजे टेबलावरचे लिखाण न अडवता, इंडेक्स बांधायचा तर ट्रान्झॅक्शन बंद करावे लागते आणि तो प्रयत्न फसला तर निकामी इंडेक्स मागे राहतो, जो हाताने काढावा लागतो.

ॲप्लिकेशनच्या अनेक प्रती (कंटेनर) एकदम सुरू होऊन सगळ्यांनीच मायग्रेशन्स चालवू पाहिली, तर ५.० पासून असलेले ॲडव्हायझरी लॉक (डेटाबेसमधले कुलूप) एकालाच पुढे जाऊ देते. बाकीचे मात्र थांबून राहत नाहीत, त्रुटी देऊन बंद पडतात. त्यामुळे डिप्लॉयमेंटमध्ये (नवा कोड सर्व्हरवर चढवताना) मायग्रेशन ही एकदाच चालणारी वेगळी पायरी ठेवावी आणि तिथे एन्व्हायर्नमेंटचे नाव व डेटाबेसचा पत्ता दोन्ही एकाच ठिकाणाहून यावेत. ही शिस्त ज्यांच्याकडे आधीपासून आहे, त्यांनी चार-पाच एन्व्हायर्नमेंट्ससाठी रेल्स खुशाल वापरावे. ज्यांच्याकडे लॅपटॉपवरून थेट प्रॉडक्शनवर कमांड देण्याची मुभा आहे, त्यांनी आधी ती मुभा काढून घ्यावी.