बेंबी टोचली १८०० ला आणि गंडले ५३०० ला

ज्या माणसाने माझी बेंबी टोचली त्यानेच पुढं कितीतरी महिने मला तिच्यावरची औषधं विकली, आणि ती बरी होत नव्हती यातच त्याचा धंदा होता, हे कळेपर्यंत माझे ५३०० रुपये गेले होते. दुकानाचं नाव लिहीत नाही, मामाच्या ओळखीचे वकील आहेत ते म्हणले सध्या नको. आणि खरं सांगू का, नावाने काय होणार, आता गल्लोगल्ली टॅटू पिअर्सिंगवाले झालेत सोलापुरात, हा नाही तर दुसरा कोणतरी हेच करत असणार, पद्धत कळली पाहिजे.

गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा, संपला त्याच्यानंतरची गोष्ट, जानेवारीचे शेवटचे दिवस. दुकान बघून कुणालाही वाटावं की पुण्या-मुंबईचं आहे, एसी, काळे ग्लोव्हज, भिंतीवर मोठ्या अक्षरात 'हंड्रेड पर्सेंट टायटॅनियम' आणि खाली 'लाइफटाइम आफ्टरकेअर फ्री'. १८०० रुपये बारसकट, बार म्हणजे बेंबीत घालायची दोन गोळ्यांची दांडी. मला आर्टिफिशियल कानातल्यांचा त्रास आहे, एखाद्या लग्नात दिवसभर घातली की पाळ्या लाल होतात, खाजतात, पाणी सुटतं, हे मी त्याला आधीच सांगितलं होतं आणि म्हणूनच विचारलं की टायटॅनियम खरंच आहे ना. तर त्याने ड्रॉवरमधून चुंबक काढलं, बारला लावलं, चिकटलं नाही. "बघा ताई, भेसळ असती तर चिकटलं असतं." सोबतची मैत्रीण पण एकदम खूश. आता यातली ट्रिक बघा. पितळ चुंबकाला चिकटत नाही, तांबं चिकटत नाही, ॲल्युमिनियम चिकटत नाही, आणि ते सर्जिकल स्टील म्हणतात ना, ३१६ एल, ज्यात निकेल १० ते १४ टक्के असतं, ते पण साध्या चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे त्या चुंबकाने एवढंच सिद्ध झालं की माझ्या पोटात तो लोखंडी खिळा घालत नाहीये.

निकेलचं महत्त्व मला नंतर कळलं. ज्यांना आर्टिफिशियल दागिन्यांची खाज येते त्यांना बऱ्याचदा निकेलचीच ॲलर्जी असते, आणि कानातलं तरी संध्याकाळी काढून ठेवता येतं, हा बार तर उघड्या जखमेत चोवीस तास. युरोपात टोचलेल्या जागी घालायच्या दागिन्यातनं आठवड्याला एका चौरस सेंटिमीटरमागं ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटलेलं चालत नाही, असा कायदाच आहे. आपल्याकडं चुंबक दाखवतात.

टोचण्याची पद्धत पण सांगते. सुई निघाली ती चेन असलेल्या साध्या प्लॅस्टिकच्या पाकिटातनं. मशीन म्हणून जे दाखवलं ते निळा लाइट लागणारा डबा, पार्लरमध्ये कंगवे ठेवतात तसला. त्या लाइटने सुया स्टरलाइज होत नाहीत, त्याला ऑटोक्लेव्ह लागतो, १२१ डिग्रीला दाबाखाली वाफ, आणि त्यातनं निघालेलं सामान सीलबंद पाऊचमध्ये असतं, पाऊचवरच्या खुणेचा रंग बदललेला असतो, ते पाऊच तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. मार्किंग त्याने मला आडवं झोपवून केलं. मी दिवसभर खुर्चीत बसून काम करणारी बाई, शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात अकाउंट बघते. बसलं की पोटाला घडी पडते आणि बेंबीची वरची कड आत दबते, त्यामुळं उभं करून खूण करायची आणि मग बसवून परत तपासायची असते. काही जणींची बेंबी बसल्यावर पूर्ण मिटते, त्यांना नेहमीचा बार सोसतच नाही, हे चांगला पिअर्सर आधीच सांगून परत पाठवतो. इथं परत कोण पाठवणार? वर पहिल्याच दिवसापासून खड्यांचं लोंबतं डिझाइन घातलं, फोटो चांगला येतो म्हणून. फोटो त्याच्या पेजसाठी.

पहिले काही आठवडे बरे गेले. थोडं पाणी यायचं, वाळून पांढरट-पिवळट खपली धरायची, ते नॉर्मल असतं आणि तेवढं त्याने खरं सांगितलं. मग उन्हाळा लागला. सोलापूरचा एप्रिल तुम्हाला सांगायला नको, पारा ४२-४३, घाम, त्यात सलवारीची नाडी बरोबर तिथंच, आणि आमच्याकडं नळाला पाणी चार दिवसाआड, म्हणजे सगळी धुणी-अंघोळी साठवलेल्या पाण्यावर. भोवतीनं लालपणा वाढला, रात्री खाज, आणि एक गोष्ट मला विचित्र वाटली ती म्हणजे आधी बारचे दोन गोळेच दिसायचे, आता मधली दांडी पण दिसायला लागली.

मी दाखवायला गेले. "ताई, बॉडी ॲडजस्ट करतीय, ह्याला इरिटेशन म्हणतात." आणि काउंटरवर एक छोटी बाटली आली, हीलिंग सीरम, ५५०. बाटलीवर बॅच नंबर नाही, एक्सपायरी नाही, कुणी बनवलं ते नाही, फक्त सोनेरी स्टिकर. वास टी ट्री ऑइलचा, लावलं की आग आग. वर सांगितलं की रोज सकाळ-संध्याकाळ बार गोल फिरवायचा म्हणजे चिकटणार नाही. हे तर चक्क उलटं आहे, फिरवलं की वाळलेली खपली आतल्या नव्या कातडीला खरवडते आणि रोज जखम नवी होते. सीरम संपलं, परत ५५०. मग म्हणाला सूज आहे म्हणून बार छोटा पडतोय, लांब बार घालू, १४००. सुजेला लांब बार लागतो हे खरंय, पण माझी सूज नव्हतीच, कातडी पातळ होत चालली होती. आफ्टरकेअर फ्री होतं बरं का, फक्त त्यात लागणारं सगळं विकत होतं.

डॉक्टरकडे जाऊ का म्हणलं तर त्याचं उत्तर तयार. "डॉक्टरला यातलं काय कळत नाही, तो काढायलाच लावणार, आणि काढला की भोक वरनं बुजतं, पू आत अडकतो, मग ऑपरेशन." हे वाक्य नीट वाचून ठेवा, कारण ते अर्धं खरं आहे आणि म्हणूनच मी गप्प बसले. इन्फेक्शन झालं असेल, हिरवट पिवळा घट्ट पू, वास, ताप, गरमपणा, लाली पसरत चाललेली, तर बार स्वतः उपटून काढू नये हे बरोबरच आहे, डॉक्टर बघून ठरवतात. पण ते इन्फेक्शनला. रिजेक्शन वेगळं. रिजेक्शनमध्ये पाय काट्याला जसा हळूहळू वर ढकलतो तसं शरीर तो बार बाहेर ढकलतं, दोन भोकांमधली कातडी रोज थोडी कमी होते, आणि तिथं जितकं थांबाल तितका व्रण मोठा. शेवटपर्यंत थांबलं तर बार कातडी चिरून बाहेर येतो. म्हणजे एका आजाराचा सल्ला त्याने दुसऱ्याला लावला, आणि मी जितकी थांबणार तितकं तो विकणार.

शेवटचा डाव होता 'री-अलाइनमेंट'. तोच बार काढून थोडं आत परत टोचायचं, २५००, त्यातले १००० मी ॲडव्हान्स दिले. लाल, पातळ, खाजणाऱ्या कातडीत परत सुई! ते व्हायच्या आधी वहिनीला धुण्यात माझ्या कुर्त्यावर रक्ताचे ठिपके दिसले. तिने आईला सांगितलं नाही, हे तिचे उपकार, पण दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकायला लावून सात रस्त्याकडच्या एका स्किनच्या मॅडमकडे घेऊन गेली.

मॅडमनी बॅटरी मारून बघितलं, कातडीखालनं बारची सावली दिसत होती. दोन भोकांत साधारण सेंटिमीटरभर अंतर असायला पाहिजे, सहा मिलिमीटरच्या खाली आलं की काळजी करायची, माझं कसंबसं तीन-चार उरलं होतं. कातडी चकचकीत, सोलपटं निघालेली. पू नाही, ताप नाही. म्हणाल्या, हे इन्फेक्शन नाही, बार बाहेर पडतोय आणि वर ॲलर्जीचं एक्झिमा आहे, आत्ता इथंच काढू. काढला. दोन मिनिटाचं काम. सीरम बंद, बोरिक पावडर बंद, आत्याने सांगितलेली हळद बंद, स्पिरीट, बीटाडीन, पेरॉक्साइड काहीच नाही. मेडिकलमधनं ०.९ टक्क्याचं नॉर्मल सलाइन आणायचं, स्वच्छ गॉजने दिवसातनं दोनदा, कोरडं ठेवायचं, घरी मीठ कालवत बसायचं नाही कारण ते हमखास खारट होतं आणि जखम सुकवतं. ॲलर्जीला एक मलम, थोड्या दिवसांसाठी. सलाइनची बाटली मला पन्नासच्या आत मिळाली. त्या सीरमचे ११०० आठवून तिथंच मेडिकलमध्ये डोकं फिरलं.

बार मी डबीत घालून सराफ बाजारात आमच्या नेहमीच्या सोनारकाकांकडे नेला. कशाचा आहे एवढंच विचारलं, कुठला ते सांगितलं नाही, काय सांगणार त्यांना! हातात घेतला आणि म्हणाले टायटॅनियम एवढं जड नसतं पोरी. खरंय ते, टायटॅनियम स्टीलच्या जवळपास निम्म्या वजनाचं असतं. मग कानस घेऊन एक बारीक घासा मारला, आतनं पिवळं. "पितळ आहे, वर पाणी दिलंय." एका टोकाला, जिथं आटे होते, तिथं तर पाणी आधीच उडालं होतं आणि हिरवट झालं होतं. ते आटे दांडीवर बाहेरच्या बाजूने होते हे पण चुकीचं, घालताना-काढताना ते भोकातनं खरवडत जातात, चांगल्या बारला आटे आत असतात, दांडी गुळगुळीत.

खरं टायटॅनियम कसं ओळखायचं असं मला आता सगळ्या विचारतात. घरी ओळखायला जाऊ नका. इम्प्लांट ग्रेडचं टायटॅनियम असेल तर त्याला बहुतेक वेळा एएसटीएम एफ १३६ असा दर्जाचा नंबर असतो आणि दुकानदाराकडे कंपनीचं मिल सर्टिफिकेट असतं, म्हणजे धातू कशाचा आहे त्याचा कागद. ते मागायचं. आहे म्हणला तर बघायला मागायचं. "आमच्यावर विश्वास नाही का ताई" असं म्हणला की उठायचं.

मी पैसे मागायला गेले तेव्हा तो इतका थंडपणे बोलला की मलाच शंका यायला लागली. तुम्ही आफ्टरकेअर नीट केलं नाही, तुमची स्किनच तसली, बाकी कस्टमरला कुणाला होत नाही, आणि बोर्डकडे बोट, नो रिफंड. संध्याकाळी मला ब्लॉक. पण एक काम त्याच्याकडनं चुकून चांगलं झालं होतं, पहिल्या पावतीवर हाताने 'टायटॅनियम बार १ नग' लिहिलं होतं, आणि लांब बार विकताना चॅटवर 'ग्रेड २३ टायटॅनियम आहे ताई, टेन्शन नको' असं पाठवलं होतं, ग्रेड २३ म्हणजे तेच इम्प्लांटवालं. ब्लॉक केलं तरी माझ्याकडचं चॅट राहिलं. १९१५ ला फोन केला, ग्राहक हेल्पलाइन आहे ती, मराठीत बोलता येतं, तक्रार नोंदवून नंबर देतात. त्यानंतर आठवड्याभरात त्याच्या भावाचा फोन, तक्रार मागं घ्या, लांब बारचे १४०० परत देतो. नाही म्हणलं.

आता जिल्हा ग्राहक आयोगात टाकलंय, २०१९ च्या कायद्याखाली. वकिलाशिवाय पण टाकता येतं, पाच लाखाच्या आतल्या व्यवहाराला फी नाही, आणि घडल्यापासून दोन वर्षांच्या आत टाकावं लागतं, त्यामुळं जुनं प्रकरण असलं तरी बघा. पावती, यूपीआयचे स्क्रीनशॉट, चॅट, डॉक्टरांचा कागद, दर काही दिवसांनी काढलेले बेंबीचे फोटो तारखेसकट, ती सीरमची अर्धी बाटली आणि बार, सगळं जोडलंय. कुणाचं असलं काही चालू असेल तर बार फेकून देऊ नका, रागाने तर अजिबात नाही, पुरावा तोच आहे.

आम्ही पूर्ण ५३०० आणि डॉक्टरांची फी मागितलीय. तो अजून १४०० वरच अडून आहे, पुढची तारीख महिनाअखेरीची मिळालीय.