जुन्या पिकअपचे अॅव्हरेज वाढवून देणारे डिझेल वर्कशॉप: दोन महिन्यांच्या हिशोबानंतरचा अभिप्राय

माझी बोलेरो पिकअप २०१७ सालची, बीएस-४ इंजिनाची आहे. मी ती जुनी घेतली, तेव्हाच दीड लाख किलोमीटर झाले होते. आता अडीच लाखांच्या जवळ आले आहेत. नारायणगावच्या परिसरातून पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात टोमॅटो, फ्लॉवर आणि हंगामाप्रमाणे पालेभाजी नेणे हे तिचे काम. जाऊन-येऊन १६० किलोमीटरची एक खेप, महिन्याला साधारण पंचवीस खेपा, जाताना पन्नास-पंचावन्न क्रेटचा माल आणि येताना बहुधा रिकामी गाडी. भाडे बाजारावर ठरते आणि डिझेलचा दर आपल्या हाती नसतो. त्यामुळे लिटरमागे गाडी किती धावते, याच एका गोष्टीवर या धंद्यातली शिल्लक अवलंबून राहते. वर्षभरात हे अॅव्हरेज हळूहळू इतके खाली आले की भाड्याचे पैसे पंपावरच संपू लागले. तेव्हा पुणे-नाशिक महामार्गालगतच्या गाड्यांचे डिझेल पंप व नोझल (इंजिनात डिझेलचा फवारा सोडणारे भाग) दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मी गाडी नेली. हा अभिप्राय त्या कामाविषयी आहे.

आधी दोन ठिकाणी मला मिळालेले सल्ले सांगणे आवश्यक आहे, कारण त्यांच्याशी तुलना केल्यावरच या वर्कशॉपचे वेगळेपण कळते. एका ठिकाणी गाडी न उघडता, न चालवता ‘चारही नोझल बदला’ असे सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी डिझेलच्या नळीवर बसवायचे चुंबक आणि टाकीत ओतायचे औषध पुढे करण्यात आले. अशा उपकरणांबद्दल माझे मत स्पष्ट आहे: अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणे तपासली आणि त्यांपैकी फारच थोड्यांचा काही उपयोग आढळला. गरजेपोटी माणूस अशा वस्तूंवर पैसे घालवतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या वर्कशॉपच्या मुख्य मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘अॅव्हरेज किती देते, ते तुम्ही कसे काढले?’ मी अंदाजे नऊ-दहा म्हणालो, तेव्हा त्यांनी गाडी हातात घ्यायलाच नकार दिला. एकाच पंपावर, एकाच मशीनवर टाकी पूर्ण भरायची, नेहमीच्या तीन खेपा करायच्या, पुन्हा त्याच मशीनवर टाकी भरायची आणि वहीत लिहून आणायचे, असे त्यांनी बजावले. मला त्या दिवशी हे थोडे जाचक वाटले, परंतु पुढचा सगळा हिशोब त्या एका नोंदीवर उभा राहिला. तीन खेपांत ४८२ किलोमीटर झाले आणि ५०.२ लिटर डिझेल लागले, म्हणजे लिटरला ९.६ किलोमीटर.

तपासणीसाठी ते स्वतः गाडी घेऊन महामार्गावर पंधरा-वीस किलोमीटर जाऊन आले. शेजारच्या सीटवर त्यांचा मदतनीस इंजिनाचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावून बसला होता. इंजिन व्यवस्थित तापल्यानंतरही पाण्याचे तापमान ६२ अंशांच्या वर जात नव्हते. कारण लगेच सापडले: थर्मोस्टॅट वॉल्व जागेवर नव्हताच. मागच्या उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून एका गॅरेजमध्ये तो काढून टाकण्यात आला होता आणि मीही त्याला होकार दिला होता. हा उपाय आपल्याकडे इतका रूढ आहे की त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे योग्य ठरेल. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ८५ अंशांना उघडतो आणि तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, त्यामुळे इंजिन आपल्या कामाच्या तापमानाला लवकर पोहोचते आणि तिथेच टिकते. तो काढला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहते, इंजिन थंडच चालते, ऑइल दाट राहून घर्षण वाढते आणि इंजिनाचा संगणक गाडी अजून तापलेली नाही असे समजून त्याप्रमाणे डिझेल सोडत राहतो. गाडी गरम होण्याचे खरे कारण रेडिएटरच्या जाळीत बसलेली माती आणि सैल झालेला पट्टा हे होते. रेडिएटर साफ करून, पट्टा बदलून आणि नवा थर्मोस्टॅट बसवून त्यांनी मूळ दोष दूर केला.

परत आल्याबरोबर त्यांनी चारही चाकांच्या ब्रेकच्या ड्रम व डिस्कवर तापमान मोजण्याचे यंत्र धरले. मागचे उजवे चाक ६१ अंश, डावे ११८. जॅक लावून डावे चाक हाताने फिरवले तर ते जेमतेम अर्धा फेरा फिरून थांबत होते. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती आणि लायनर ड्रमला सतत घासत होते. म्हणजे कित्येक महिने मी गाडी चालवत होतो ती एका चाकाला ब्रेक धरून, आणि तेही टनभर माल घेऊन. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये पूर्वीसारखी धावत नाही, हे माझ्या लक्षात आले होते. त्याचा अर्थ मात्र लावता आला नव्हता.

तिसरी गोष्ट टर्बोकडून (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा भाग) इंजिनाकडे हवा नेणाऱ्या रबरी नळीची. क्लिपजवळ तिला बोटभर चीर गेली होती. चढावर गाडी काळा धूर सोडते आणि ओढत नाही, याचे ते कारण होते, कारण पुरेशी हवा न मिळाल्याने डिझेल अर्धवट जळते आणि चालक मात्र ओढ मिळवण्यासाठी पाय आणखी दाबतो. एअर फिल्टर व डिझेल फिल्टर बदलले, टायरमध्ये गाडीवरच्या पट्टीप्रमाणे हवा भरली. चाकांचे अलाइनमेंट त्यांच्याकडे होत नसल्याने ते मला दुसरीकडून करून घ्यावे लागले.

यानंतर जे झाले त्यामुळे या वर्कशॉपवर माझा विश्वास बसला. नोझलचे काम हाच त्यांचा मुख्य व्यवसाय असूनही त्यांनी ते लगेच करू दिले नाही. पुन्हा तीन खेपा करा, मग बोलू, असे सांगितले. या टप्प्याचा खर्च ४,३५० रुपये आला आणि ४७९ किलोमीटरला ४२ लिटर डिझेल लागले, लिटरला ११.४. एकदम सगळे केले असते तर कशामुळे किती फरक पडला, हे कधीच समजले नसते.

नोझलची तपासणी त्यानंतर झाली. चारही नोझलच्या परतीच्या, म्हणजे उरलेले डिझेल मागे नेणाऱ्या, नळ्यांना पारदर्शक बाटल्या लावून इंजिन काही मिनिटे चालू ठेवले. तीन बाटल्यांत डिझेल जवळपास सारखे जमले, तर तिसऱ्या नोझलच्या बाटलीत दुप्पट. परतीचे डिझेल टाकीतच जाते, ते थेट वाया जात नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. खरे नुकसान नोझल झिजून फवारा बिघडल्यामुळे होते. ते त्यांनी नोझल काढून, बेंचवर बसवून मला प्रत्यक्ष दाखवले: तिघांचा फवारा धुक्यासारखा बारीक, एकाची धार. तो एकच नोझल दुरुस्त केला. तपासणीसह ५,८०० रुपये लागले आणि अॅव्हरेज १२.१ वर गेले. लिटरला ९० रुपयांच्या आसपासचा दर धरला, तर महिन्याच्या चार हजार किलोमीटरला पहिल्या टप्प्याने सुमारे ६६ लिटर वाचतात आणि नोझलमुळे आणखी २० लिटर. पहिल्या टप्प्याचे पैसे महिन्याच्या आत वसूल झाले. नोझलचे वसूल व्हायला तीन महिन्यांहून थोडा अधिक काळ लागेल. चारही नोझल बदलण्याचा सल्ला मानला असता, तर याच्या कितीतरी पट खर्च करूनही थर्मोस्टॅट, ब्रेक आणि फाटकी नळी जशीच्या तशी राहिली असती.

ईजीआर (प्रदूषण कमी करण्यासाठी धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) बंद करून देण्याची मागणी माझ्या ओळखीचे अनेक चालक करतात. मीही विचारले. त्यांनी ते करण्यास नकार दिला आणि काजळीने भरलेला वॉल्व साफ करून परत बसवला. गाडीला आठ वर्षे पूर्ण झाल्यापासून पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दरवर्षी करावे लागते, तेव्हा हा नकार माझ्याच हिताचा होता.

उणिवाही आहेत आणि त्या लिहिल्याच पाहिजेत. खर्चाचा अंदाज तोंडी देतात आणि तो पहिल्या टप्प्यात सातशे रुपयांनी चुकला. मजुरी व सुट्या भागांचे वेगवेगळे बिल मागितल्यावरच मिळाले. गाडी दोन वेळा मिळून तीन दिवस अडकली. हंगामात तीन दिवस म्हणजे अनेक खेपा, त्यामुळे माल कमी असतानाच जावे. काढलेले सर्व जुने भाग मात्र त्यांनी न मागता पोत्यात बांधून परत दिले.

शेवटचा सल्ला फुकटचा होता. पहाटे दोनला निघून रिकाम्या रस्त्यावर मी गाडी ८० वर ठेवत असे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि पिकअपचा उभा हौदा, त्यावरचा पिंजरा व फडफडणारी ताडपत्री हवा कापत नाहीत, अडवतात. इंधन बचतीसाठी काम करणारी पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सुचवते. बाजाराची वेळ गाठायची असल्याने मला तो परवडत नाही. म्हणून मी ६० ते ६५ ठेवतो आणि येताना ताडपत्री घडी करून केबिनमागे बांधतो. यार्डात पोहोचायला जेमतेम दहा-बारा मिनिटे जास्त लागतात. गेल्या महिन्यात टाकी भरल्याच्या नोंदींची सरासरी वहीत १३ आहे, आणि पाच हजार किलोमीटर झाल्यावर मिस्त्रींनी ती वही घेऊनच परत बोलावले आहे.