नर्सिंग होमला विनायल फ्लोअरिंग परवडतं का? दोन पावसाळे बघून लिहितोय

आमचं नर्सिंग होम गोव्यात फोंड्याच्या बाजूला आहे, जुनी चिऱ्यांची इमारत, तळमजल्यावर ओटी (ऑपरेशन थिएटर), लेबर रूम आणि दोन छोटे वॉर्ड. खरेदी आणि मेंटेनन्स मी बघतो. जुन्या लाद्यांच्या जागी होमोजिनियस विनायल टाकलं, म्हणजे वरपासून खालपर्यंत एकाच मटेरियलचं प्लॅस्टिकचं फ्लोअरिंग, २ एमएम जाडीचं, रोलमध्ये येतं ते. आता त्याने दोन पावसाळे काढलेत आणि म्हापसा, डिचोलीकडचे ओळखीचे लोक सारखे विचारतात की एवढे पैसे घालण्यासारखं आहे का. आहे. पण जमिनीतल्या ओलीवर वेगळा खर्च करायची तयारी असेल तरच, नाहीतर चांगल्या व्हिट्रिफाइड लाद्या घाला आणि सांध्यांना इपॉक्सी ग्राउट (सांधे बुजवायचा मसाला) भरा, ते बरं.

लादी स्वतः वाईट नसते हे आधी सांगतो. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याच्या आत. भानगड सगळी सांध्यात. साधं सिमेंटचं ग्राउट पोछ्याचं घाण पाणी शोषून घेतं, रक्त सांडलं की १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट ओतावं लागतं त्याने ते हळूहळू झिजतं, मग सांधा खोल होतो, त्यात काळं साचतं आणि मावशी कितीही घासू देत ते निघत नाही. वर बेडची आणि स्ट्रेचरची चाकं त्याच सांध्यावर रोज आपटतात, कडा फुटतात, एखादी लादी पोकळ वाजायला लागते. विनायलमध्ये दोन पट्ट्यांचा सांधा गरम वेल्डिंगने त्याच मटेरियलची रॉड घालून बुजवतात आणि भिंतीवर चार इंच गोलाईत वर चढवतात, कोव्हिंग म्हणतात त्याला, म्हणजे कोपराच राहत नाही. ओटीत आणि लेबर रूममध्ये याची किंमत कळते, डिलिव्हरीनंतर जमीन धुवून काढायची असते तेव्हा पाणी आत जायला कुठे वाटच नाही.

आता पैशांचं. आमचा ओटी सोडून बाकीचा एरिया साधारण ११०० स्क्वेअर फूट. (ओटीत अँटिस्टॅटिक कंडक्टिव्ह विनायल घातलं, म्हणजे स्थिर वीज साचू न देणारं, खाली तांब्याची पट्टी टाकून अर्थिंगला जोडलेलं, त्याचा रेट वेगळा आणि जास्त.) जुनं काढून नव्या लाद्या बसवायला सगळं धरून १३० रुपये फूट सांगितले होते, म्हणजे १ लाख ४३ हजार. विनायलचं २९० ने ३ लाख १९ हजार. फरक १ लाख ७६ हजारांचा, छोट्या नर्सिंग होमला ही रक्कम लहान नाही. १२ वर्षं टिकेल असं धरलं तर वर्षाला १४-१५ हजार, महिन्याला बाराशेच्या आसपास. पण हा हिशोब अर्धाच झाला, कारण कर्ज काढून केलं तर १० टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याजच १७ हजार ६०० होतं आणि कोटेशन देणारे लोक हे कधीच धरत नाहीत. तर दुसऱ्या बाजूला चार बेडचा वॉर्ड लाद्यांच्या रिपेअरसाठी तीन दिवस बंद ठेवला, बेडचे दिवसाला १५०० जरी धरले, तरी १८ हजार गेले. म्हणजे वर्षातून एकदा वॉर्ड बंद करायची पाळी टळली तरी व्याज तिथेच सुटतं, शिवाय लाद्या उचकटताना जी धूळ उडते ती आजारी माणसांच्या शेजारी उडते, तिचे पैसे कोणी मांडत नाही पण मला ती गोष्ट सगळ्यात जास्त खटकते. आणि आमच्याकडे बरेच पेशंट डीडीएसएसवाय कार्डवर येतात, गोवा सरकारची आरोग्य विम्याची ही योजना २०१६ पासून आहे, तिथे पॅकेजचा रेट ठरलेला, त्यामुळे इमारतीवर झालेला खर्च बिलात टाकून वसूल करू असा विचारच करता येत नाही. जो खर्च वाचेल तोच आपला.

आता ओलीबद्दल, कारण गोव्यात सगळा खेळ इथेच आहे.

आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जुन्या इमारतींच्या तळमजल्याखाली ओल अडवणारा थर घातलेलाच नसतो आणि जमिनीतलं पाणी कोब्यातून वर येत राहतं. लाद्यांमध्ये ती वाफ सांध्यातून थोडी थोडी निघून जाते म्हणून कळत नाही. विनायलने वरून झाकण बसतं, ओल अडकते, खालचा गोंद मऊ पडतो आणि जमिनीला फुगे येतात. ओळखीच्या एका क्लिनिकमध्ये मी हे डोळ्यांनी पाहिलंय, उन्हाळ्यात टाकलेलं सुंदर फ्लोअरिंग चवथ यायच्या आत जागोजागी फुगलेलं, ट्रॉली नेली की लाटेसारखं हलायचं. कंपनीच्या वॉरंटीत खालून आलेल्या ओलीचं नुकसान साधारणपणे धरलेलं नसतं, त्यामुळे ते सगळे पैसे गेले.

म्हणून टेस्ट करा, ती जवळजवळ फुकट आहे. दीड फूट बाय दीड फूट प्लॅस्टिकचा तुकडा उघड्या कोब्यावर चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचा, किमान १६ तास ठेवायचा, काढल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट झाला की ओल आहे. हे एप्रिलमध्ये करून काही उपयोग नाही, त्या दिवसांत सगळंच कोरडं असतं. आम्ही भर जुलैत कोपऱ्यातल्या दोन लाद्या काढून बघितलं, थेंब आले, मग काम उन्हाळ्यात केलं पण इपॉक्सीचा ओलरोधक थर आणि त्यावर सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड (ओतल्यावर आपोआप सपाट होणारा थर) घालूनच. २९० मधले १०० रुपये याचेच आहेत. सगळ्यात स्वस्त कोटेशन १६५ चं होतं, तो माणूस म्हणाला, "सर, बेस बरा आहे तुमचा, लेव्हलिंग कशाला, वरच्यावर चिकटवून देतो." त्याचा रोल आणि आम्ही घेतला तो रोल एकाच दर्जाचा होता. फरक फक्त खाली काय घालणार याचा, आणि ते काम झाल्यावर कोणालाच दिसत नाही. डॉक्टरांना मी स्पष्ट म्हटलं की हे १०० वाचवायचे असतील तर उरलेले १९० पण घालू नका.

वापरायला कसं आहे? रात्री ट्रॉलीचा खडखड आवाज जवळजवळ गेला, हे पेशंटच्या नातेवाईकांनी स्वतःहून सांगितलं. सिस्टर लोक म्हणतात पायाला बरं वाटतं, आठ आठ तास उभं राहणाऱ्या माणसांना हे लहान नाही. डाग मात्र पडतात. बीटाडीन सांडलं आणि लगेच पुसलं नाही तर पिवळा डाग राहतो, काळ्या रबरी चाकांचा रंग उतरतो म्हणून बेडची चाकं पॉलीयुरेथेनची करून घ्यावी लागली, तो खर्च आधीच धरा. ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनमधून) काढलेला गरम ड्रम खाली ठेवायचा नाही. फिनाइल बंद करावं लागतं, त्याचा चिकट थर बसतो आणि वर धूळ धरते, न्यूट्रल क्लीनरच वापरायचा. आमच्या मावशींना आधी पटत नव्हतं, वास आला नाही म्हणजे साफ झालं नाही असं त्यांना वाटायचं, पण एका वॉर्डात करून दाखवल्यावर आता त्याच नवीन मुलींना शिकवतात.

सगळीकडे टाकू नका. वेटिंगमध्ये आम्ही लाद्याच ठेवल्या, पावसात लोक चिखलाच्या चपला घेऊन येतात, बारीक खडे घासून विनायलवर ओरखडे येतात. बाथरूममध्ये पण नको, आणि बाथरूमच्या दाराशी उंबरा व्यवस्थित करा, नाहीतर पाणी कडेने आत शिरतं. पैसे कमी असतील तर आधी लेबर रूम आणि ओटी, वॉर्ड पुढच्या वर्षी.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला कारण वेल्डिंग नीट करणारी माणसं इथे पटकन मिळत नाहीत, आमची टीम बेळगावहून आली, आणि छोटं रिपेअर असलं तरी त्यांची वाट बघावी लागते. म्हणून काम संपताना त्याच बॅचचा उरलेला तुकडा आणि दोन-तीन वेल्डिंग रॉड मागून घ्या, शेडमध्ये फरक पडतो नंतर, आणि तो तुकडा घडी न घालता गुंडाळून ठेवा.