पद की कांतार? अलीकडचे संगीतपट, आणि गोव्यात ते कुठे बसून पाहावेत

सिनेमात गाणी असणे वेगळे आणि सिनेमा गाण्यावर उभा असणे वेगळे. गोव्यातल्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावे लागत नाही. जत्रेच्या रात्री देवळासमोर रंगणारे मराठी संगीत नाटक त्याच्या ओळखीचे असते. तियात्रात, म्हणजे गोव्याच्या कोकणी रंगभूमीवरच्या नाटकात, दोन पडद्यांच्या (अंकांच्या) मध्ये पुढे येऊन कथेशी संबंध नसलेल्या विषयावर राजकारण्यांना सुनावणारे कांतार, म्हणजे गाणे, तेही त्याने ऐकलेले असते. नाटकातले पद प्रसंगातून उगवते; ते गाळले तर पात्राच्या मनात काय घडले ते कळतच नाही. कांतार कथेच्या बाहेर उभे राहते आणि तिथेच शोभते. दोन्ही प्रकार अस्सल आहेत. आपले गाणे यांतले कोणते, हे ज्या सिनेमाने ठरवलेले नसते तो मात्र दुसऱ्या तासात रेंगाळू लागतो. ‘गाणी फार झाली’ ही प्रेक्षकांची नेहमीची तक्रार बहुतेक वेळा गाण्यांच्या संख्येविषयी नसते, या गोंधळाविषयी असते.

१० जानेवारी २०२५ रोजी आलेला सुबोध भावे यांचा ‘संगीत मानापमान’ या दृष्टीने सगळ्यात बारकाईने पाहण्यासारखा आहे. खाडिलकरांचे मूळ नाटक १९११ चे, चाली गोविंदराव टेंबे यांच्या, पदे पन्नासाहून अधिक. गोव्याचे या नाटकाशी घरचे नाते आहे, कारण मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांनी साकारलेला नायक धैर्यधर अजूनही लोकांच्या बोलण्यात येतो. सिनेमाचे संगीत शंकर-एहसान-लॉय यांचे आहे. पदांची संख्या खूपच कमी करून नव्या गाण्यांची जोड दिली आहे. हे करणे भागच होते. रंगमंचावर एक पद वन्समोर धरून पंधरा मिनिटे चालू शकते, कारण तिथे गायक समोर उभा असतो आणि दर वेळी नवी जागा घेतो. पडद्यावर तेच पद चार-पाच मिनिटांत आटपावे लागते, नाहीतर कॅमेऱ्याला दाखवायला काही उरत नाही.

गडबड होते ती पुढे. गाणे आखूड केल्यावर आलाप आणि तानांची जागा वाद्यवृंदाने भरली आहे. व्हायोलिनचे थर आणि समूहगायन यांमुळे प्रत्येक गाणे भव्य होते, आणि सगळीच भव्य झाल्यावर एकही वेगळे उठून दिसत नाही. गरीब म्हणून धैर्यधराचा अपमान होणे हा मूळ कथेचा कणा. तो अपमान आणि त्यानंतरचा नायिका भामिनीतला बदल नाटकात पदांतून कळतो. सिनेमात तो बराचसा संवादांतून कळतो आणि गाणी त्या भोवती सजावट म्हणून येतात. वैदेही परशुरामी यांची भामिनी आणि सुमीत राघवन यांचा चंद्रविलास जमून आले आहेत, पोशाख आणि महाल डोळ्यांत भरतात. नाट्यसंगीत कधीच न ऐकलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला दाखवायला हा सिनेमा उत्तम आहे. ज्यांना पदे पाठ आहेत त्यांनी मूळ चालींशी ताडून पाहत बसू नये. नव्या गाण्यांकडे जास्त लक्ष द्यावे, कारण संगीतकार तिथे मोकळे झाले आहेत.

याच दिग्दर्शकाचा आणि याच संगीतकारांचा ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) दहा वर्षांनंतरही या प्रकारातला माझ्या मते सर्वोत्तम मराठी सिनेमा आहे, आणि त्याचे कारण साधे आहे. दोन घराण्यांची स्पर्धा हाच विषय असल्यामुळे तिथे गाणे हीच कृती आहे. कोण जिंकले, कोण हरले, कोणाचा अहंकार दुखावला, हे गाण्यातच ठरते. १९६७ च्या नाटकाचे संगीत मंगेशीच्याच जितेंद्र अभिषेकींचे होते. सिनेमाने त्यांच्या चाली जपल्या आणि नव्याही रचल्या. ‘अरुणी किरणी’साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सदाशिवाला काळे यांचा, खाँसाहेबांना राहुल देशपांडे यांचा आणि पंडितजींना शंकर महादेवन यांचा स्वतःचा आवाज, ही वाटणी इतकी नेमकी आहे की डोळे मिटूनही कोण गातोय ते कळते. संगीतपटात हे पहिल्यांदा तपासावे. तीन पात्रे एकाच गळ्याची वाटली तर कथा ऐकू येत नाही.

पार्श्वगायनाची एक अडचण मात्र ‘कट्यार’लाही पूर्ण चुकवता आलेली नाही. द्रुत तानेत गायकाचा जबडा, गळ्याच्या शिरा आणि पोट एकत्र काम करतात. नट फक्त ओठ हलवतो तेव्हा तान वरून चिकटवल्यासारखी वाटते. ‘मी वसंतराव’मध्ये (२०२२) ही फट नाही, कारण पडद्यावर राहुल देशपांडे स्वतः आहेत आणि आजोबांची भूमिका करत स्वतः गातात. श्वास कुठे घेतला तेही दिसते. सिनेमा लांब आहे, मधला भाग सैल आहे, पण मैफलींचे प्रसंग पाहताना ही लांबी जाणवत नाही. पंजाबी गायकावरच्या, इम्तियाज अली यांच्या ‘अमर सिंह चमकीला’मध्ये (२०२४) याच्या पुढचे पाऊल आहे: दिलजीत दोसांझ आणि परिणीती चोप्रा यांनी आखाड्यातली (गावोगावच्या उघड्या मैफलींतली) गाणी चित्रीकरणाच्या वेळीच गायली. आवाज थोडा खरबरीत येतो, सूर एखाद्या ठिकाणी हलतो, आणि त्यामुळेच समोर गर्दी बसली आहे यावर विश्वास बसतो.

ब्रॉडवेच्या संगीतिकेवरून केलेल्या ‘विकेड’ या हॉलिवूडपटाचेही बळ हेच. सिंथिया एरिवो आणि आरियाना ग्रांडे यांनी बरेचसे गायन सेटवरच केले. पहिला भाग नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, १६० मिनिटांचा. दुसरा नोव्हेंबर २०२५ मध्ये, १३७ मिनिटांचा. मूळ ब्रॉडवे प्रयोग मध्यंतर धरून पावणेतीन तासांचा आहे, म्हणजे पहिल्या सिनेमाने केवळ पूर्वार्धाला जवळजवळ तेवढाच वेळ दिला. जाहिरातींत पहिला भाग असा ठळक उल्लेख नव्हता, त्यामुळे ‘अर्धीच गोष्ट दाखवली’ असे म्हणणाऱ्यांची तक्रार रास्त आहे. तरीही दोघांपैकी पहिलाच सरस. त्यातली गाणी पदांसारखी आहेत, प्रत्येकानंतर दोन मुलींचे नाते एक पायरी पुढे जाते. दुसऱ्या भागात दोन नवी गाणी घातली आहेत, ती ऐकायला बरी, पण कथा त्यांच्याविनाही तिथेच पोचली असती. आणखी एक: दोन्ही भागांत पात्रांच्या पाठीमागून प्रकाश टाकल्याने रंग फिके दिसतात. प्रोजेक्टरचा दिवा उतरलेल्या सभागृहात हे फारच जाणवते.

कसोटी लावायला सोपे जावे म्हणून एक उदाहरण. ‘जग्गा जासूस’मधला (२०१७) नायक बोलताना अडखळतो आणि गाताना अस्खलित होतो. तिथे गाणे काढून टाकले तर पात्रच मुके होते. सिनेमा तिकीटबारीवर चालला नाही आणि उत्तरार्धात भरकटतोही, पण संगीतपट कसा रचावा हे त्यातून शिकता येते. ‘सैयारा’ (जुलै २०२५) हा गाण्यांचा सिनेमा असला तरी संगीतपट नव्हे. ती लिहिते, तो गातो, गाणी त्यांच्या कामाचा भाग म्हणून येतात आणि बाकी वेळ सिनेमा बोलतो. गाणी आवडतात पण पात्रे मध्येच गाऊ लागली की कंटाळा येतो, असे म्हणणाऱ्यांनी तो बिनधास्त पाहावा. हॉलिवूडच्या जाहिरातींवर मात्र विसंबू नये. ‘वोंका’, ‘मीन गर्ल्स’ आणि दुसरा ‘जोकर’ या तिघांच्याही झलकांत पात्रे गातात हे जवळजवळ लपवले होते. तिकीट काढण्यापूर्वी सिनेमाच्या संगीताचा अल्बम शोधावा. त्यात नटांच्याच आवाजात आठ-दहा गाणी असतील तर तो संगीतपट.

आता बसायचे कुठे. संगीतपटात जागेची निवड मारधाडीच्या सिनेमापेक्षा जास्त महत्त्वाची. मुख्य गायकाचा आवाज पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतो, वाद्ये डाव्या-उजव्यातून, आणि समूहस्वर व सभागृहाचा घुमार भिंतींवरच्या स्पीकरांतून. कडेच्या खुर्चीवर भिंतीचा स्पीकर कानाजवळ येतो आणि शब्द बुडतात. पडद्यापासून मोजत दोन तृतीयांश अंतरावरची रांग आणि तिच्या मधल्या सहा-आठ खुर्च्या सर्वांत चांगल्या. बारा रांगा असतील तर आठवी. रांगांची अक्षरे काही ठिकाणी पडद्याकडून सुरू होतात, काही ठिकाणी मागून, म्हणून नकाशात पडदा कुठे आहे ते आधी बघावे. अगदी शेवटची रांग टाळावी. मागच्या भिंतीमुळे खर्ज फुगतो आणि तबल्याचा डग्गा गदागदा वाजतो. शिवाय आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. पडदा पंचवीस मीटर दूर असेल तर तो सुमारे ७३ मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेम) हिशेबात जवळजवळ दोन चौकटी मागे. ओठ आणि शब्द यांची सांगड तिथे आपोआप ढिली होते.

ओठ जुळत नसतील तर दोष कोणाचा हे ओळखता येते. साधे संवाद जुळत आहेत आणि फक्त गाणी चुकत आहेत, तर दोष सिनेमाचा. संवादही मागे-पुढे होत असतील तर सभागृहाची ध्वनियोजना बिघडली आहे, उठून सांगावे. वाद्ये मोठी आणि आवाज पुसट असेल तर मधल्या स्पीकरविषयी विचारावे. नुसते ‘आवाज बरोबर नाही’ असे सांगितले तर कर्मचाऱ्याला काय करायचे ते कळत नाही.

सगळ्यात जास्त वेळा बिघडते ती पातळी. सिनेमाचे ध्वनिमिश्रण सभागृहातल्या ध्वनी-प्रोसेसरचा पातळीचा आकडा ७ धरून केलेले असते. जाहिराती कर्कश वाटतात अशा तक्रारी आल्या की अनेक ठिकाणी तो ५ च्या आसपास आणला जातो आणि मुख्य सिनेमालाही तसाच राहतो. या दोन आकड्यांत सुमारे साडेसहा डेसिबलचा फरक आहे. हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे स्वर जास्तच कमी ऐकू येतात, त्यामुळे पहिले नाहीसे होतात ते तंबोऱ्याचे खर्जाचे सूर, ऑर्गनचा खालचा भराव आणि गायकाचा श्वास. मारधाडीत हे कोणाच्या लक्षात येत नाही. ‘मी वसंतराव’सारख्या सिनेमाचा त्याने प्राण जातो. पहिल्या पाच मिनिटांतच ‘आवाज थोडा वाढवा’ असे नम्रपणे सांगावे. मध्यंतरापर्यंत थांबले तर अर्धा सिनेमा हातातून गेलेला असतो.

इंग्रजी सिनेमात आपल्याकडे मध्यंतर सभागृहवाले घालतात, ते कधी गाण्याच्या ऐन मध्यावरही पडते. त्याला इलाज नाही. उपशीर्षकांचा खेळ मिळत असेल तर तोच घ्यावा, कारण जलद गायलेले इंग्रजी शब्द सवयीच्या कानालाही निसटतात. मराठी सिनेमाचे गोव्यातले खेळ थोडे असतात आणि दुसऱ्या आठवड्यात आणखी कमी होतात, तेव्हा पहिल्या शनिवार-रविवारीच उरकावे. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात वेगळी अडचण. इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, दिवसांत पणजीचे आयनॉक्स महोत्सवाकडे असते, पर्वरीतही खेळ आटतात. ‘विकेड’चे दोन्ही भाग नेमके त्याच आठवड्यांत आले होते. अशा वेळी मडगावकडे पाहावे, किंवा महोत्सव संपण्याची वाट बघावी.

घरी पाहणाऱ्यांसाठी एवढेच: टीव्हीला दोनच स्पीकर असतील तर ५.१ (अनेक स्पीकरांसाठीचा ध्वनी) ऐवजी स्टीरिओ ध्वनी निवडावा, नाहीतर मधल्या वाहिनीतला गायक दबतो. रात्रीचा मोड बंद ठेवावा. तो मोठे-लहान आवाज एका पातळीवर आणतो आणि तानेचा चढउतार सपाट करतो.

कोकणी समजणाऱ्या प्रत्येकाने ‘नाचूंया कुंपासार’ पाहायलाच हवा. बार्द्रॉय बार्रेतो यांच्या या सिनेमात साठ-सत्तरच्या दशकांतल्या गोंयकार वादकांची आणि एका गायिकेची कथा संगीतकार ख्रिस पेरी यांच्या वीस गाण्यांतून सांगितली आहे. ती गायिका लॉर्ना यांनी गाजवलेली गाणी कथेसाठी लिहिलेली नव्हती, तरी ती अशी ओवली आहेत की कांतारांची पदे झाली आहेत. पालोमी घोष यांचे काम अप्रतिम आहे, आणि सर्वोत्तम कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला तो योग्यच. हा सिनेमा गोव्यात एका सभागृहातून दुसऱ्या सभागृहात फिरत दाखवला गेला. पुन्हा कुठे खेळ लागला तर नाटकाच्या सभागृहात लावलेल्या तात्पुरत्या स्पीकरांचा विचार करून बसावे. तिथे मागची नव्हे, मधली चौथी-पाचवी रांग बरी, म्हणजे ट्रम्पेट थेट समोरून येते आणि भिंतीवरून परतलेला आवाज त्यात मिसळत नाही.