२/४ मधून ६/८ मध्ये जाताना: क्वेव्हर कायम ठेवावा की ठोका?

अरेंजमेंट लिहिणाऱ्याला हा निर्णय कधी ना कधी घ्यावाच लागतो. समजा, २/४ मध्ये, म्हणजे बारला (स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्याला) दोन क्रॉचेटचे ठोके असताना, क्रॉचेट मिनिटाला ८० ने चाललाय आणि पुढच्या बारला ६/८ आलं, म्हणजे तीन-तीन क्वेव्हरचे दोन ठोके. क्वेव्हर म्हणजे अर्धा क्रॉचेट. क्वेव्हर कायम धरला तर तो मिनिटाला १६० च राहतो, पण डॉटेड क्रॉचेटचा, म्हणजे तीन क्वेव्हरचा, ठोका ५३ च्या आसपास उतरतो. ठोका ८० वर कायम धरला तर क्वेव्हर पळतो २४० ने. कागद तोच, वेग दीडपट.

काहीच लिहिलं नसेल तर आजचे वादक बहुधा क्वेव्हर कायम धरतात. बर्नस्टाइनच्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ या संगीतिकेतल्या ‘अमेरिका’ गाण्यात (१९५७) सगळी मजाच त्यावर आहे: तेच सहा क्वेव्हर एकदा तीन-तीन, एकदा दोन-दोन-दोन. उलट बीथोवनच्या ओपस १११ या पियानो सोनाटाच्या दुसऱ्या भागात ९/१६ चं ६/१६ आणि मग १२/३२ होतं, पण वर ‘लिस्तेस्सो तेम्पो’ (वेग तोच) लिहिलंय. ठोका ढळू द्यायचा नाही.

खरं तर आपला कान ठोक्याच्या बाजूचा. भातखंडे पद्धतीत एका मात्रेतले स्वर खालच्या कमानीत बांधले, की दोन असोत वा तीन, मात्रा तीच. तरीही मी हल्ली शक्यतो क्वेव्हर कायम ठेवतो, आणि त्याला कारण ठोका राखायचा तर बारच्या वर लिहावं लागणारं ते ‘क्रॉचेट = डॉटेड क्रॉचेट’ समीकरण: जुना क्रॉचेट जेवढा, तेवढाच नवा डॉटेड क्रॉचेट.

तालमीत कुणीतरी म्हणतं, ‘बार ४१ पासून घेऊ.’ समीकरण असतं मागच्या पानावर, बार ३३ च्या डोक्यावर. व्हायोलिनवाले १६० ने सुटतात, चेलोवाले २४० ने. परत २/४ ला येताना दुसरं समीकरण हवं, ते वेगळंच. शिवाय डावीकडचा स्वर जुना, उजवीकडचा नवा ही आजची रीत. जुन्या छापील प्रतींत उलटंही सापडतं.

तुमचा वाद्यवृंद मुरलेला असेल तर कदाचित हा त्रास जाणवणारही नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर, ठोका राखायचा असेल आणि मामला चार-सहा बारांचाच असेल तर मी २/४ सोडतच नाही, सरळ ट्रिपलेट (एका ठोक्यात तीन समान स्वर, वर ३ चा आकडा) लिहितो. पानावर ३ च्या आकड्यांची गर्दी होते, होऊ दे. लांबलचक ६/८ असेल तर मात्र समीकरणाला पर्याय नाही. मग शेजारी ‘डॉटेड क्रॉचेट = ८०’ असा आकडाही टाकतो आणि दोन्ही गोष्टी प्रत्येक वादकाच्या पार्टात (त्याच्या स्वतंत्र प्रतीत) उतरल्यात ना, हे प्रिंट काढण्याआधी बघतो.