‘खिंड बंद झाली’ असं सांगून आम्हाला लुबाडलं

“ताई, जोझिला बंद झाला. तुमचं सामान श्रीनगरला अडकलंय. आज रात्रीपर्यंत अठ्ठावीस हजार भरलेत तर शेवटच्या गाडीत चढवून देतो. नाहीतर थेट एप्रिलमध्ये.”

जोझिला म्हणजे श्रीनगरहून लेहला येणाऱ्या रस्त्यावरची खिंड. ११ नोव्हेंबर २०२४ ला हा फोन आला, तेव्हा आम्ही लेहमधल्या भाड्याच्या दोन खोल्यांत बुखारीभोवती, म्हणजे खोली गरम करायच्या शेगडीभोवती, बसलो होतो. अंगावर घरमालकीणबाईंनी दिलेल्या गोधड्या होत्या. आमच्या स्वतःच्या रजया, लोकरीचे कपडे, मुलाचे बूट, सगळं त्या सामानात. मी पैसे भरले. त्यानंतर जे कळलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण बदलीमुळे किंवा नव्या नोकरीमुळे लडाखला येणारी मराठी कुटुंबं मला इथेही भेटतात आणि यातलं बरंचसं त्यांनाही ठाऊक नसतं.

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातल्या विटा गावाजवळचे. सासरे गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यासाठी चाळीस वर्षांपूर्वी तमिळनाडूत गेले आणि मदुराईत स्थिरावले. आमच्या भागातली कितीतरी घरं अशीच दक्षिणेत विखुरली आहेत. नवरा बँकेत आहे, त्याची बदली लेहला झाली. मदुराईत ऑक्टोबरमध्येही पंखा बंद करवत नाही आणि लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर. विमानाने पोचल्यावर विरळ हवेची सवय व्हायला पहिले दोन दिवस नुसतं पडून राहावं लागतं, हे आम्ही विचारून घेतलं होतं. सामान कोणत्या रस्त्याने जाईल, ते मात्र कुणालाच विचारलं नाही.

पॅकर्ससाठी एका संकेतस्थळावर माहिती भरली आणि दहा मिनिटांत सहा फोन आले. दोघांनी दीड लाखाच्या वर भाव सांगितला. आमच्याच गल्लीच्या टोकाला एका अण्णाचींचा (तिकडे वडीलधाऱ्याला असं म्हणतात) ट्रान्सपोर्टचा छोटा धंदा आहे. ते म्हणाले, “मी जम्मूपर्यंत नेतो, एक लाख पाच हजार. पुढे माझी गाडी जात नाही. जम्मूहून लेहला तिकडचा ट्रक करा आणि नोव्हेंबर संपायच्या आत करा.” आम्हाला वाटलं, यांना जमत नाही म्हणून टाळताहेत.

मग तो फोन आला. नाव एका प्रसिद्ध कंपनीसारखंच, मध्ये एक शब्द जास्त. मदुराई ते लेह, दारापासून दारापर्यंत, चौऱ्याहत्तर हजार, सगळं धरून. आडनाव ऐकल्यावर समोरचा मराठीत बोलायला लागला. “ताई, मी पण नाशिकचा. आपल्या माणसाला मी फसवणार का?” इतकी वर्षं परमुलखात काढल्यावर फोनवर मराठी ऐकू आलं की मन किती सैल पडतं, हे बाहेर राहणाऱ्यांना सांगायला नको. खरा कुठला ते मला आजही माहीत नाही.

पाच हजार टोकन दिलं, तेही कंपनीच्या खात्यावर नव्हे, एका माणसाच्या नावावर. सामान भरताना साठ हजार. शिवाय सामानाची किंमत चार लाख धरून तीन टक्क्यांनी बारा हजार विम्याचे. उरलेले नऊ हजार लेहला पोचल्यावर द्यायचे ठरले. बिलावर ‘आयबीए मान्यताप्राप्त’ असा शिक्का होता. बदलीचा खर्च परत मिळवायला हे बिल लागतं म्हणून तो बघून आम्ही निश्चिंत झालो. शिक्का कुणीही बनवून घेऊ शकतो, मान्यता कुणाला आहे ते इंडियन बँक्स असोसिएशनच्या यादीतच बघायचं असतं.

आलेला टेम्पो लहान होता. “मोठ्या गाडीत गोदामावर बदली करू,” म्हणाले. बेचाळीस खोकी झाली. यादीत प्रत्येक खोक्यापुढे फक्त ‘घरसामान, जुने, ओरखडे असलेले’ एवढंच लिहिलं. आत काय आहे ते लिहा म्हटलं तर “उशीर होतो, ताई.” कागदावर गाडीचा नंबर नव्हता. मी सही केली. या यादीचा अर्थ मला फार नंतर कळला: काय हरवलं ते तुम्हाला सिद्ध करता येत नाही आणि काय मोडलं तर ते आधीच मोडलेलं होतं.

पंधरा दिवसांत पोचायचं सामान तीन आठवडे झाले तरी आलं नाही. मग तो खिंडीचा फोन. अठ्ठावीस हजारांत ‘विंटर चार्ज’ होता आणि ‘लखनपूरचा कर’ही. जम्मूत शिरताना लखनपूरला पूर्वी टोल घ्यायचे हे खरं, पण तो १ जानेवारी २०२० पासून बंद आहे. वापरलेल्या घरसामानाला तर ई-वे बिलसुद्धा, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा कागद, लागत नाही. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. गोदामाचं भाडं साडेएकोणीस हजार. मी रडकुंडीला आले होते. घरमालकीणबाई, आम्ही त्यांना आमा-ले म्हणतो, ‘खंबीर’ नावाची लडाखी रोटी घेऊन आल्या होत्या. मी त्यांना सांगितलं की खिंड बंद आहे. त्या म्हणाल्या, “कोण म्हणतं? माझा भाचा काल रात्री श्रीनगरहून भाजीचा ट्रक घेऊन आला.” भाच्याला बोलावलं. हिवाळ्याआधी लेहला सगळा साठा भरून ठेवायचा असतो, त्यामुळे त्या दिवसांत ट्रक आणि टँकर रोज वर चढतात, असं त्याने सांगितलं. बर्फ पडला की खिंड एखाद-दोन दिवस थांबते, पुन्हा सुरू होते. लांब मुदतीसाठी ती बंद होते ती हिवाळा भरात आल्यावर, आणि सीमा सडक संघटनेच्या कामामुळे तो काळही अलीकडे बराच कमी झालाय. २०२४ च्या सुरुवातीला रस्ता फक्त पस्तीस दिवस बंद होता. लडाख पोलीस रोज रस्त्यांची स्थिती जाहीर करतात, फोनवर दोन मिनिटांत बघता येते. आम्ही खिंड कधी पाहिली नव्हती, आणि त्या फोनवाल्याने नेमकं तेच हेरलं होतं.

त्याच रात्री १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. त्या अठ्ठावीस हजारांतले अकरा हजार तीनशे त्या खात्यात गोठवले गेले, बाकीचे तोवर काढले गेले होते. पहिल्याच तासात फोन केला असता तर जास्त वाचले असते, हे मला तिथल्या बाईंनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी नवरा लेहच्या पोलीस ठाण्यात गेला. गुन्हा दुसरीकडे घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. त्यांनी नोंदवून घेतला आणि मदुराईला पाठवला.

पण सामान कुठे होतं? तो माणूस श्रीनगर म्हणत होता आणि आता फोनही उचलत नव्हता. शेवटी मी त्या अण्णाचींना फोन केला. लाज वाटत होती, आम्ही त्यांना नाही म्हटलं होतं. ते एक शब्द वेडावाकडा बोलले नाहीत. आमच्याकडे खोकी उचलणारे हमाल रोजंदारीचे होते, ते त्यांना सापडले. त्यांनी टेम्पो कुठल्या गोदामात रिकामा केला ते सांगितलं, तिथून बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, नंबर निघाला. बिल्टी होती मदुराई ते जम्मू, ‘टू पे’. म्हणजे भाडं माल घेणाऱ्याने द्यायचं. आमच्याकडून घेतलेल्या पैशांतला एक रुपयाही भाड्यापोटी भरलेला नव्हता. लेहचं नावही त्या कागदावर कुठे नव्हतं.

जम्मूच्या नरवालमधल्या ट्रान्सपोर्ट नगरात आमचं सामान बारा दिवस पडून होतं. त्या गोदामवाल्याचा काही दोष नव्हता, त्याला त्याचं छत्तीस हजार भाडं हवं होतं. नवरा गेला, पैसे भरले आणि आमा-लेंच्या भाच्याने ओळखीचा ट्रक करून दिला. चाळीस हजार. २७ नोव्हेंबरला सामान दारात आलं, त्याच जोझिलावरून.

त्या भामट्याला आम्ही एकूण किती दिले याची बेरीज मी नंतर केली. टोकन, साठ हजार, विमा आणि विंटर चार्ज धरून बरोबर एक लाख पाच हजार. अण्णाचींनी जम्मूपर्यंतचा सांगितलेला आकडा.

विम्याच्या कागदावरचा नंबर विमा कंपनीत विचारला, तशी पॉलिसीच निघालेली नव्हती. बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला, तो दुसऱ्याच कुणाच्या धंद्याचा आणि रद्द झालेला. हे बघायला लॉगिनही लागत नाही. पैसे देण्याआधी तो एक क्रमांक टाकला असता तर मी आज हे लिहीत बसले नसते. मालवाहतूकदाराची नोंदणी २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्याखाली बंधनकारक आहे, तेव्हा तो नोंदणी क्रमांकही मागा. माल हरवला असेल तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यायलाच हवी, नाहीतर दावा उभा राहत नाही. आम्ही ती १६० व्या दिवशी दिली, कारण वकिलांना भेटेपर्यंत हा नियमच ठाऊक नव्हता. ग्राहक आयोगात तक्रार मात्र लेहमधूनच केली. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथे ती करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ती अजून चालू आहे.

आणि थंड मुलखात येताय तर पहिल्या महिन्याचे गरम कपडे, औषधं आणि मुलांची पुस्तकं विमानातून सोबतच आणा. इथे नळ गोठतात, रात्री उणे दहाच्याही खाली जातात. आमच्या मुलाने सामान येईपर्यंतचे दिवस आमा-लेंच्या नातवाच्या स्वेटरमध्ये काढले.

बेचाळीसपैकी चौतीस खोकी मिळाली. टीव्ही गेला, मिक्सर गेला, त्याचं फार वाटत नाही. सतरा नंबरच्या खोक्यात सासऱ्यांच्या गलाईच्या मुशी, चिमटे आणि पितळी तराजू होता. सासरे आता नाहीत. तराजूच्या उजव्या पारड्याखाली त्यांनी खिळ्याने ‘विटा’ असं कोरलंय. भंगारात किंवा जुन्या बाजारात कुणाला तसा दिसला, तर तो आमचा आहे.