ट्रिगर फास्ट करून देतो म्हणाला आणि सिअर घासून दिला

इंडियानापोलिसला आलो तेव्हा ऑफिसातल्या पोरांनी एका शनिवारी पेंटबॉलला नेलं, आणि तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी गुडघे फोडून घ्यायची सवयच लागली. भाड्याच्या मार्करला, म्हणजे गॅसवर रंगाच्या गोळ्या मारणाऱ्या बंदुकीला, कंटाळून सेकंडहँड टिपमन ९८ कस्टम घेतला. दणकट माल, चिखलात पडला तरी चालतो. पण ट्रिगर लांब आणि जड. समोरचा इलेक्ट्रॉनिक मार्करवाला पाच गोळ्या मारेपर्यंत माझ्या जेमतेम दोन.

यावर खरा उपाय आहे, त्याचं नाव रिस्पॉन्स ट्रिगर. गोळी सुटली की व्हॉल्व्हकडचा थोडा गॅस बारीक नळीतून एका छोट्या सिलिंडरमध्ये जातो आणि त्याचा दांडा ट्रिगरला पुढे ढकलतो. बोटाने हलका, एकसारखा दाब ठेवायचा. ट्रिगर आपला आपण पुढे येतो, बोट त्याला पुन्हा मागे नेतं, आणि गोळ्या धडाधड सुटतात. दाब जरा जास्त झाला किंवा कमी झाला की थांबतं. हे सगळं मला आधी ठाऊक असतं तर पुढचं लिहायची वेळ आली नसती.

मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत एक गृहस्थ भेटले. आमच्या सांगलीकडचेच निघाले. पेंटबॉलचा विषय निघाला तसे ते खुलले. "अरे, माझ्या गराजमध्ये लेथ आहे. तुझा व्हॉल्व्ह जुना असणार, त्याला भोक पाडून घ्यावं लागेल. बाहेर कुणाला देऊ नकोस, वाट लावतील." मी लगेच दादा म्हणायला लागलो. परदेशात कुणी 'वाट लावतील' म्हटलं की माणूस अर्धा विकला जातो, निदान मी तरी गेलो.

किटचे आणि मजुरीचे मिळून १४० डॉलर रोख दिले. किटचा खोका त्यांनी माझ्यासमोर बाकावर ठेवला, त्यावरच चहाचा कप टेकवला आणि खोक्याच्या कोपऱ्यावर गोल डाग पडला. खोका उघडलेला मी पाहिला नाही. आठवड्याने मार्कर घ्यायला गेलो. हॉपर, म्हणजे वरचा गोळ्यांचा डबा, रिकामा ठेवून त्यांनी गॅस जोडला, ट्रिगर एकदा दाबला, आणि मार्कर तड-तड-तड-तड. "बघ! बोट हलकं ठेवायचं फक्त." मी खूश.

मैदानावर वेग मोजायच्या जागी एकदा ट्रिगर दाबला आणि चार गोळ्या गेल्या. बोट केव्हाच उचललं होतं. तिथला रेफ्री जेमतेम विशीतला पोरगा, पण त्याने सरळ सांगितलं, हा रिस्पॉन्स ट्रिगर नाही, हा मार्कर पळतोय, म्हणजे आपला आपणच गोळ्या मारतोय, आत नेता येणार नाही. दादांना फोन लावला. "सीओटूमुळे होतं रे ते. लागोपाठ मारलं की टाकी गार पडते, दाब उतरतो, मग मार्कर तडतडतो. हवेची टाकी घे." यात अर्धं खरं आहे, म्हणूनच मी फसलो. कमी दाबावर असे मार्कर खरोखरच तडतडतात. पण माझी ती दिवसातली पहिलीच गोळी होती, टाकी गार पडायला वेळच कुठे मिळाला होता? हा हिशेब तेव्हा सुचला नाही. हवेची टाकी घेतली, आणखी पैसे गेले.

पुढच्या खेपेला मार्कर टेबलावर ठेवला. जरा आपटूनच ठेवला असेल. ट्रिगरला हातही लागला नव्हता आणि गोळी बाहेर पडते त्या तोंडावर चढवलेल्या कापडी पिशवीत दोन गोळ्या फुटल्या. टेबलाभोवती सगळे मास्क काढून पाणी पीत होते. ती पिशवी नसती तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही रात्री करतो.

त्याच संध्याकाळी टाकी काढली, उरलेला गॅस मोकळा केला आणि ॲलन कीने मार्करचे दोन भाग वेगळे केले. सिलिंडर नाही. नळी नाही. व्हॉल्व्ह होता तसा, त्याला नवं भोकबिक काही नाही. फक्त सिअर, म्हणजे मागच्या बोल्टला (ट्रिगर दाबला की पुढे झेपावणाऱ्या भागाला) अडवून धरणारा तुकडा, टोकाला चकचकीत. जवळून पाहिलं तर कानशीचे तिरपे ओरखडे. ज्या कोपऱ्यावर बोल्ट अडायला हवा तो गोल करून टाकलेला. बोल्ट अडतच नव्हता, घसरत होता. १४० डॉलरमध्ये मला बिघाड बसवून मिळाला होता.

खरा आणि खोटा ओळखणं एवढं सोपं आहे की लाज वाटते. खऱ्या रिस्पॉन्स ट्रिगरमध्ये प्रत्येक गोळीला ट्रिगर बोटाला पुढे ढकलतो, ते जाणवतंच. बोट काढलं की गोळ्या बंद. माझा ट्रिगर बोटाखाली मेल्यासारखा पडून होता आणि मार्कर आपलाच आपण चालला होता. कुणाकडून असं काम करून घेणार असाल तर मार्कर तुमच्यासमोर उघडायला लावा, सिलिंडर आणि नळी डोळ्यांनी पाहा, आणि तोवर पैसे खिशात ठेवा. व्हॉल्व्ह बदलला म्हणत असतील तर जुना परत मागा. 'स्क्रॅपमध्ये टाकला' हे उत्तर ऐकलं की समजा.

फोटो पाठवल्यावर दादांचं उत्तर आलं, "तूच उघडलास ना? मग आता माझी जबाबदारी नाही." नंतर फोन बंद. ओळखीच्यांना सांगितलं तर म्हणाले, जाऊ दे रे, आपलाच माणूस आहे, सणासुदीला कशाला विषय काढतोस.

नवा सिअर बसवलाय. ट्रिगर पुन्हा पूर्वीसारखाच लांब आणि जड.

मागच्या आठवड्यात मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादांनी टाकलं: रिस्पॉन्स ट्रिगर किट, सीलबंद, कुणाला हवं असेल तर सांगा. फोटोत खोक्याच्या कोपऱ्यावर चहाचा गोल डाग आहे.